उशिरा बसलेल्याचं पान

मित्रमैत्रिणींनो, आधीच सांगून टाकते. माझी शाळा कॉन्व्हेंट. तिथे मधल्या सुट्टीत मराठी बोललं की एक रुपया दंड, आणि घरी आजीसमोर इंग्रजी झाडलं की तिचा वेगळा दंड, म्हणजे रामरक्षा पुन्हा पहिल्यापासून! त्यामुळे माझी मराठी अर्धी आजीची आणि अर्धी हॉस्टेलची आहे. ऱ्हस्वदीर्घाबद्दल काही तक्रार असेल तर ती संपादक मंडळाकडे करावी, त्यांनीच लेख मागितला होता.

विषयही सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पान उलटायचं आहे त्यांनी आत्ताच उलटावं. ‘फर्मवेअरचे तक्ते मशीन चालू झाल्यावर मागाहून लोड केले, तर त्यातल्या ऑब्जेक्ट्सचं इनिशियलायझेशन नीट होतं का, याची चाचणी.’ हे आमच्या मिनी प्रोजेक्टचं नाव. गाईड सर म्हणाले, “नाव छोटं करा, सर्टिफिकेटवर मावायचं नाही.” नाव छोटं झालं, काम मात्र वाढत गेलं. आणि ते करता करता मला जे कळलं ते फक्त कॉम्प्युटरबद्दलचं नव्हतं. म्हणून हा प्रपंच.

आता मला सांगा, तुम्ही लॅपटॉपचं झाकण मिटता आणि तो गुपचूप झोपतो. बॅटरी संपत आली की कोपऱ्यात लाल खूण येते. पंखा आपोआप जोरात फिरतो. हे सगळं ऑपरेटिंग सिस्टिमला कळतं कसं? बाजारात इतक्या कंपन्यांची इतकी मॉडेल्स. कुणाची बॅटरी एका तारेवर, कुणाची दुसऱ्या. लिनक्स लिहिणाऱ्याने काही तुमचा लॅपटॉप उघडून बघितलेला नसतो.

उत्तर आहे एसीपीआय, म्हणजे ॲडव्हान्स्ड कॉन्फिगरेशन अँड पॉवर इंटरफेस. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी त्याची पहिली आवृत्ती काढली. त्याआधी १९९२ पासून एपीएम नावाची पद्धत होती. तिच्यात बराचसा कारभार बायोसच्या हातात असे. कधी काय बंद करायचं ते बायोस परस्पर ठरवी आणि ऑपरेटिंग सिस्टिम बघत बसे. एसीपीआयने हे उलटं केलं. फर्मवेअरने फक्त माहिती लिहून ठेवायची, निर्णय ऑपरेटिंग सिस्टिमने घ्यायचा. २०१३ पासून हे स्पेसिफिकेशन यूईएफआय फोरम सांभाळतो.

ही माहिती फर्मवेअर मेमरीत तक्त्यांच्या रूपाने ठेवतं. त्यातल्या बहुतेक तक्त्यांच्या डोक्यावर ३६ बाइट्सचं एकसारखं हेडर. त्यात पहिली चार अक्षरं म्हणजे तक्त्याची सही, मग लांबी, मग बनवणाऱ्याची ओळख वगैरे. आणि एक चेकसम. तक्त्यातले सगळे बाइट्स मिळवले की बेरजेचा शेवटचा बाइट शून्य आला पाहिजे. वाण्याच्या वहीतला ताळाच म्हणा ना!

मुख्य तक्ता एकच, त्याचं नाव डीएसडीटी. त्याच्या जोडीला कितीही एसएसडीटी. गंमत अशी की हे नुसते आकड्यांचे तक्ते नाहीत. त्यांच्यात एएमएल नावाच्या बाइटकोडमध्ये चक्क छोटे छोटे प्रोग्रॅम असतात, आणि ते चालवायला ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात एक इंटरप्रिटर असतो. लिनक्स आणि फ्रीबीएसडी दोघंही त्यासाठी इंटेलने सुरू केलेलं एसीपीआयसीए नावाचं एकच कोड वापरतात. तो इंटरप्रिटर तक्ते वाचतो आणि एक झाड उभं करतो. मुळाशी रूट, त्याखाली सिस्टिम बस, त्याखाली पीसीआय, त्याखाली आणखी उपकरणं. प्रत्येक नाव चारच अक्षरांचं. कमी पडलं तर अंडरस्कोर लावून चार करायचं.

इथपर्यंत मी स्पेसिफिकेशन वाचून आले होते. इंग्रजी माझं चांगलं आहे (एवढा दंड भरलाय!), त्यामुळे वाक्यं कळत होती. पण तक्ता लोड होणं आणि ऑब्जेक्ट इनिशियलाइझ होणं यात फरक काय, हे काही केल्या डोक्यात बसेना. तक्ता मेमरीत आला, नावं झाडावर लागली, झालं की! अजून काय राहिलं?

ते समजावलं माझ्या रूममेटने. ती वेल्ह्याकडच्या एका खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग पॉलिटेक्निक, मग डायरेक्ट सेकंड इयर. प्रोजेक्टमध्ये आम्ही दोघीच.

“अगं, तू सप्ताहाच्या पंगतीत कधी बसलीस का?” तिने विचारलं.

मी बुफेतली. पंगत मला फोटोतच माहीत.

“मग ऐक. पत्रावळ मांडली म्हणजे जेवण वाढलं असं नसतं. पत्रावळ मांडली म्हणजे फक्त तुझी जागा धरली. मग वाढपी येतात एकामागून एक. आधी मीठ. मग चटणी, लोणचं. मग भाजी, भात, वरण. सगळ्यांचं वाढून झालं की वदनी कवळ म्हणायचं, मग पहिला घास. बरोबर?”

“बरोबर.”

“आता समज, पंगत अर्धी जेवून झाली आणि एक जण उशिरा येऊन बसला. त्यालाही पत्रावळ मिळाली. पण मिठाचा वाढपी कधीच पुढे गेला. भाताची बादली आत परत गेली. आता फक्त बुंदीवाला फिरतोय. त्या माणसाच्या पानावर काय पडेल?”

“बुंदी.”

“नुसती बुंदी! आणि यादीत बघशील तर त्याचं नाव जेवलेल्यांमध्ये.”

मंडळी, तीनशे पानं वाचून जे कळलं नव्हतं ते एका पत्रावळीत कळलं.

मशीन सुरू होताना अगदी हेच होतं. आधी डीएसडीटी आणि एसएसडीटी लोड होतात, म्हणजे पत्रावळी मांडल्या जातात. मग वाढप सुरू. इंटरप्रिटर सगळ्या झाडावरून एक फेरी मारतो आणि बफर, पॅकेज, रीजन, फील्ड यांच्या किमती भरतो. मग उपकरणांची हजेरी. प्रत्येक उपकरणाला ‘स्टा’ नावाच्या मेथडने विचारायचं, आहेस का, चालू आहेस का. ही मेथडच नसेल तर ते हजर आहे असं धरायचं. हजर असेल आणि त्याच्याकडे ‘इनी’ नावाची मेथड असेल तर ती एकदा चालवायची. तीच त्या उपकरणाची सुरुवातीची तयारी. एखादं उपकरण हजरही नाही आणि चालूही नाही असं निघालं, तर त्याच्या खालच्या पोराबाळांनाही कुणी विचारत नाही.

पहिल्या पंगतीला हे सगळं मिळतं. प्रश्न मागाहून येणाऱ्यांचा.

तुम्ही म्हणाल, तक्ते मागाहून येतातच कशाला? सगळे एकदम का नाही येत? याची कारणं अगदी रास्त आहेत. कित्येक इंटेल लॅपटॉपवर प्रोसेसरच्या वेगाचे आणि झोपेचे तक्ते फर्मवेअर लगेच देत नाही. आधी ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतं, ‘तुला यातलं काय काय जमतं?’ आणि उत्तर ऐकून त्याप्रमाणे तक्ता लोड करतं. ज्यांच्या मशीनवर लिनक्स आहे त्यांनी बूटचा लॉग उघडून बघा. ‘डायनॅमिक ओईएम टेबल लोड’ अशी ओळ दिसली तर तोच हा उशिरा आलेला पाहुणा. दुसरं कारण हौशी लोकांचं. एखाद्या बोर्डावर तुम्ही नवा सेन्सर जोडलात, तर मूळ फर्मवेअरला त्याचा पत्ता नसतो. मग त्या सेन्सरपुरता छोटा एसएसडीटी लिहायचा आणि चालू मशीनमध्ये घालायचा. लिनक्समध्ये कॉन्फिगएफएसमधून असं करायची सोय २०१६ मध्ये आली. एक डिरेक्टरी बनवायची, तिच्यात तक्ता कॉपी करायचा, की झालं. कर्नलच्या कागदपत्रात जे उदाहरण आहे ते प्रवेग मोजणाऱ्या सेन्सरचंच आहे.

‘की झालं’ असं आपण म्हणतो. पण झालं का?

२०१९ मध्ये लिनक्स कर्नलमध्ये एक दुरुस्ती आली. तिचं म्हणणं थोडक्यात असं. मूळचे तक्ते लोड होऊन गेल्यावर कॉन्फिगएफएसमधून नवा तक्ता घातला, तर झाडावरून पुन्हा एक फेरी मारणं जरूर आहे. नाहीतर नव्या तक्त्यात जुन्या उपकरणांचे जे उल्लेख असतात ते नीट उलगडत नाहीत. म्हणजे नवा पाहुणा म्हणतोय, ‘मी अमक्याच्या शेजारचा’, पण तो अमका कोण, हे कुणी त्याच्यापुरतं शोधूनच दिलेलं नाही. तक्ता लोड झालाय. एरर नाही. पण आतली नावं नुसती अक्षरं म्हणून पडून आहेत, त्यांच्यामागे माणूस नाही.

नावं उलगडणं म्हणजे काय, हे आपल्या हॉस्टेलवाल्यांना समजवायची गरज नाही. आपण राहतो वरवे बुद्रुकला. आणखी एक आहे वरवे खुर्द. बुद्रुक हे फारसी बुजुर्गवरून आलं, म्हणजे थोरलं. खुर्द म्हणजे धाकटं. गावात असताना नुसतं ‘वरव्यात’ म्हटलं तरी सगळ्यांना कळतं. पण पुण्याहून पार्सल मागवताना बुद्रुक लिहायचं राहिलं की बसा हायवेच्या कडेला कुरियरवाल्याला फोन करत! एसीपीआयमध्येही असाच नियम आहे. एकच सुटं नाव लिहिलं असेल तर आधी आपल्याच घरात शोधायचं, नाही सापडलं तर वरच्या घरात, असं करत मुळापर्यंत जायचं. पण नावाचा पूर्ण रस्ता दिला असेल तर शोधाशोध नाही. रस्ता लिहिलाय तसाच चालायचं. भेटला तर भेटला.

तर आमचं काम होतं याची चाचणी. खऱ्या मशीनवर करायची आमची छाती नव्हती. रूममेटचा लॅपटॉप तिच्या काकांचा आणि माझ्याचा हप्ता चालू! म्हणून क्यूईएमयूमध्ये एक आभासी मशीन केलं. त्यात एक सोय फार छान आहे. तोच एसएसडीटी सुरुवातीलाच, मशीन सुरू होताना देता येतो, आणि तोच आतल्या लिनक्समधून कॉन्फिगएफएसने मागाहूनही घालता येतो. म्हणजे एकच पाहुणा, एकदा वेळेवर आणलेला, एकदा उशिरा आणलेला. दोन्ही वेळी त्याच्या पानावर काय काय आहे ते लिहून काढायचं आणि याद्या शेजारी शेजारी ठेवायच्या. फरक दिसला तर तो पाहुण्याचा दोष नाही हे उघड आहे, कारण पाहुणा तोच आहे.

आमच्या तक्त्यात एक खोटं उपकरण होतं. त्यात एक बफर, एक रीजन, आणि एक पॅकेज ज्यात आधीच्या झाडावरच्या उपकरणांची दोन नावं: एक पूर्ण रस्त्याने लिहिलेलं, एक ‘माझ्या वरच्याकडून’ असं लिहिलेलं. मग डीबगरमधून विचारायचं, या नावांच्या मागे कुणी आहे का? कर्नल दोन घेतली. एक हल्लीचं, आणि एक ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेलं ४.१९, तेही त्याच्या पहिल्या रूपात, म्हणजे दुरुस्तीच्या आधीचं.

जुन्या कर्नलवर तक्ता वेळेवर दिला तेव्हा सगळं जागच्या जागी. तोच मागाहून घातला तेव्हा लोड झाल्याची ओळ दिसली, उपकरण झाडावर आलं, आणि पॅकेजमधली दोन्ही नावं अडून बसली. नव्या कर्नलवर दोन्ही याद्या जुळल्या. रात्रीचा दीड वाजला होता. बाहेर पुणे-सातारा हायवेवर ट्रक चालले होते, आणि आत आम्ही दोघी एका जुन्या कर्नलचं काम बिघडलेलं दिसलं म्हणून नाचत होतो. रेक्टर मॅडम दार वाजवून म्हणाल्या, “काय लागलं एवढं? कॅम्पस लागलं का?”

मी तिथेच प्रोजेक्ट संपवला असता. पण रूममेट म्हणाली, “थांब. हे फक्त उशिरा आलेल्याचं बघितलं. बाकीच्यांचं काय?”

म्हणजे काय, तर उशिरा आलेल्याला वाढायला वाढपी पुन्हा पहिल्यापासून निघाला, तर ज्यांचं वाढून झालंय त्यांच्या पानात पुन्हा मीठ पडता कामा नये. कुणाचा चाखलेला भात उचलून नवा घालता कामा नये. एसीपीआयसीएने याची व्यवस्था साधी ठेवली आहे. फेरी सगळ्या झाडावरून होते, पण ज्या ऑब्जेक्टची किंमत भरून झाली आहे त्याच्यावर तशी खूण असते. खूण दिसली की पुढे चालायचं. म्हणून आम्ही आधीच्या उपकरणांच्या किमती फेरीच्या आधी आणि नंतर अशा दोनदा लिहून घेतल्या. एकही बदललेली नव्हती. अहवालातली ही चाचणी तिची, आणि परीक्षक सरांनी नेमका हाच प्रश्न विचारला.

बाकीच्या चाचण्या भरभर सांगते. चेकसम मुद्दाम बिघडवून बघितला. तोच तक्ता दोनदा घालून बघितला. जे नाव झाडावर नाहीच अशा नावाचा उल्लेख करून बघितला. तक्ता काढून टाकून पुन्हा घालून बघितला. आणि एक गोष्ट वाचनात आली ती सुरक्षिततेची. कॉन्फिगएफएसच्या याच दारातून रूट अधिकार असलेला कुणी खोडसाळ तक्ता घालून कर्नलचं लॉकडाऊन चुकवू शकतो, हे २०२० मध्ये उघडकीला आलं आणि लॉकडाऊन चालू असताना ते दार बंद करण्यात आलं. उशिरा येणाऱ्याला नीट वाढायचं हे खरं, पण मांडवात कोण शिरतंय हेही बघायचं.

या सगळ्यातून माझ्या वहीत मी एक वाक्य मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय. ‘लोड सक्सेसफुल’ ही ओळ फक्त जागा मिळाल्याचं सांगते. वाढप झालं का, हे वेगळं बघावं लागतं.

आता कॉम्प्युटर बाजूला ठेवू.

माझी रूममेट दुसऱ्या वर्षात आली तेव्हा आमचा वर्ग केव्हाच सुरू झाला होता. डिप्लोमावाल्यांच्या प्रवेशफेऱ्या संपेपर्यंत असं होतं. त्यात कुणा एकाचा दोष नाही. तिने फी भरली, पावती घेतली, हॉस्टेलची कॉट मिळाली. लोड सक्सेसफुल! हजेरीपटात तिचं नाव छापील यादीच्या खाली पेनाने लिहिलेलं होतं. प्रॅक्टिकलची बॅच ठरलेली नव्हती. लायब्ररीचं कार्ड आलं तेव्हा पहिली युनिट टेस्ट होऊन गेली होती.

आम्ही पहिल्या वर्षाला आलो तेव्हा आमचं केवढं वाढप झालं होतं! एआयसीटीईच्या २०१८ च्या मॉडेल करिक्युलममध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन प्रोग्रॅम सांगितला आहे. आम्हाला लायब्ररी दाखवली, लॅब दाखवली, सीनियरशी गाठ घालून दिली, कँटीनचा चहा पाजला. ती ज्या वर्षी आली त्या वर्षी ते तीन आठवडे तिच्यासाठी नव्हतेच. तिला थेट बुंदी. एम-थ्रीचे सर म्हणायचे, “हे तुम्ही एम-टूमध्ये केलंच आहे.” डिप्लोमाचं गणित वेगळं असतं, तिने ते केलेलं नव्हतं.

पण तिला खरा त्रास गणिताचा नव्हता. एकदा रात्री ती मला म्हणाली, “तुम्ही सारखं टीजीला विचार, टीजीला विचार म्हणता. हा टीजी कोण?”

टीजी म्हणजे टीचर गार्डियन. आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिला महिनाभर कुणी सांगितलं नव्हतं, आणि सगळेच इतक्या सहज बोलत की विचारायची लाज वाटे. डिफॉल्टर लिस्ट, टर्मवर्क, फाईल चेकिंग, ओरलचा स्लॉट. सगळी नावं तिच्या कानावर पडत होती, एकाच्याही मागे माणूस उभा नव्हता. त्यात वर्गात कुणी इंग्रजीत विचारलं की ती गप्प. बुद्धीने कमी नव्हती, आज प्रोजेक्टचं अर्धं डोकं तिचं आहे. फक्त तिचे उल्लेख उलगडलेले नव्हते.

त्या सहामाहीत एक दिवस तिने बॅग भरली. शिरवळच्या एका कारखान्यात डिप्लोमावर ट्रेनी म्हणून घ्यायला तयार होते. महिन्याला पैसे येणार होते. घरी धाकटी दोन भावंडं. फोनवर वडील म्हणाले, “बाळा, आता फी भरलीय. दिवाळीपर्यंत काढ. मग तू म्हणशील तसं.” ती कॉटवर बसून बॅगेच्या चेनशी खेळत होती. मी समोरच्या कॉटवर. काय बोलावं ते मला सुचत नव्हतं, आणि बोलून भागण्यासारखं ते नव्हतंही.

तिला थांबवलं ते फायनल इयरच्या एका ताईने. तीही डिप्लोमाचीच. तिने उपदेश केला नाही. दोन संध्याकाळी येऊन बसली आणि एक एक नाव घेत गेली. टीजी कोण, कुठे बसतात, कधी भेटतात. जर्नल कुठल्या दुकानात मिळतं. जुने पेपर कुणाकडे आहेत. एम-थ्रीसाठी एम-टूमधले कुठले तीन धडे पुरतात, बाकीचे सोडले तरी चालतात. कुठला अर्ज ऑफिसच्या कुठल्या खिडकीत द्यायचा आणि पोच कशी मागून घ्यायची. ताई मिठापासून सुरू करून सगळी पंगत पुन्हा फिरली. बॅग दिवाळीपर्यंत भरलेलीच होती, पण कॉटखाली गेली. एम-थ्री पहिल्या झटक्यात निघाला.

या वर्षी सेकंड इयरला पुन्हा काही जणी उशिरा आल्या. आम्ही दोघींनी ताईचं बोलणं आठवून एक यादी केली आणि हॉस्टेलच्या बोर्डावर लावली. मग रूममेट म्हणाली, “यादी लावली म्हणजे काय, लोड झाली. चाचणी कोण करणार?” म्हणून आम्ही तिघी नव्या मुलींबरोबर बसलो आणि प्रत्येक ओळीला विचारलं, हे तुला माहीत होतं का, आणि यात काय नाही? पहिलीने सांगितलं, शिष्यवृत्तीच्या फॉर्मचं यात नाही. दुसरीने सांगितलं, महिन्यातले आजारी दिवस कुणाला सांगायचे ते नाही. तिसरी बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “ताई, मेसमध्ये पहिल्या दिवशी कुठे बसायचं ते लिहा.” आम्ही ते सगळ्यात वर लिहिलं. मिठाची जागा तीच.

मेसच्या काकूंना हे कळल्यावर त्यांनी त्यांचीही भर घातली: उशिरा येणाऱ्या मुलीने आधी सांगितलं तर डबा काढून ठेवतात. तीन वर्षं राहून हे मलाही ठाऊक नव्हतं!

पण खरं सांगायचं तर मला या यादीची काळजी वाटते. पुढच्या वर्षी आम्ही बाहेर पडू. ताई बाहेर पडलीच आहे. कुणा एकीच्या आठवणीवर आणि चांगुलपणावर हे किती दिवस चालणार? इथे पुन्हा एसीपीआयसीएकडे बघावंसं वाटतं. बाहेरून तक्ता लोड करणारं त्यातलं आजचं फंक्शन वाचा. तक्ता यशस्वीपणे लोड झाला, की त्याच फंक्शनच्या शेवटी ती पुन्हा मारायची फेरी लिहिलेली आहे. बोलावणाऱ्याने वेगळी आठवण ठेवायची गरज नाही. कॉन्फिगएफएस असो की दुसरं दार, जो तक्ता आत येईल त्याच्यासाठी फेरी होणारच. आठवण माणसाच्या डोक्यातून काढून पद्धतीत घातली, एवढंच.

म्हणून आदरणीय सर आणि मॅडम, हे मासिक तुम्हीही वाचता हे धरून एक विनंती करते. डायरेक्ट सेकंड इयरच्या मुलामुलींचा प्रवेश ज्या दिवशी पक्का होतो, त्याच दिवसाच्या कामात ही फेरी घालता येईल का? तीन आठवडे नकोत. दोन दिवस पुरतील. बॅच, कार्ड, टीजीशी प्रत्यक्ष भेट, एम-थ्रीची पूर्वतयारी, आणि आदल्या वर्षी अशाच उशिरा आलेल्या एका सीनियरशी ओळख. ज्यांचं आधी झालंय त्यांना पुन्हा बसवायची गरज नाही. यादी आमच्याकडे तयार आहे, चाचणी केलेली आहे, आणि चुका निघाल्या तर हव्याच आहेत.

आणि मित्रमैत्रिणींनो, तुमच्यासाठी एक छोटं काम. उद्या वर्गात गेल्यावर हजेरीपटाचं शेवटचं पान बघा. छापील नावांच्या खाली पेनाने लिहिलेली नावं असतील. त्यातल्या एकाला ‘काही अडचण आहे का?’ असं विचारू नका, उत्तर ‘नाही’ असंच येईल. त्यापेक्षा विचारा, ‘तुझा टीजी कोण?’ नाव सांगता आलं तर उत्तम. नाही आलं, तर पंगतीत उशिरा बसलेला माणूस तुमच्या शेजारीच आहे, आणि मिठाची वाटी तुमच्या हाताजवळ आहे.